गाडीचा आवाज केव्हा येतो?

भातकुली तालुक्याचे गाव असले तरी गाडीच्या मोठ्या कामाला अमरावती गाठावीच लागते. सकाळी गाडी गॅरेजला लावायची, पुढचे दोन्ही शॉकर, माउंटिंग, लिंक रॉड नवे टाकून घ्यायचे आणि संध्याकाळी परत निघायचे. शहरातल्या सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालते. गाव जवळ येऊन रस्ता खडबडीत झाला की पुढच्या उजव्या चाकाकडून ‘टक्’ असा आवाज सुरू होतो. दुसऱ्या दिवशी फोन जातो, “भाऊ, नवे शॉकर टाकले तरी आवाज येऊनच राह्यला.” पलीकडून दोनपैकी एक उत्तर येते. “दोन-चार दिवस चालू द्या, सेट होऊन जाईन,” नाहीतर “बाहेरचा माल हाय, आवाज करनच.”

या दोन उत्तरांनी गाडीवाल्यांचा बराच पैसा खाल्ला आहे. पहिल्यामुळे ढिला नट आठवडाभर तसाच चालतो आणि आपले भोक मोठे करून ठेवतो. दुसऱ्यामुळे चांगला पार्ट काढून टाकला जातो आणि त्याहून महाग पार्ट त्याच चुकीच्या पद्धतीने बसवला जातो. सस्पेन्शनचे काम झाल्यावर सुरू झालेला आवाज बहुतेक वेळा जोडणीचा असतो, पार्टचा क्वचित. तो शोधण्याची शास्त्रशुद्ध वाट आहे. फक्त ती ‘आवाज कुठून येतो’ या प्रश्नापासून सुरू होत नाही, ‘केव्हा येतो’ या प्रश्नापासून सुरू होते.

‘कुठून’ हा प्रश्न फसवा का, हे आधी पाहू. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, पोलादातून सुमारे ५,००० मीटर. आपले कान दिशा ओळखतात ती एका कानावर आवाज दुसऱ्यापेक्षा किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो म्हणून. गाडीत मात्र चाकाजवळची ठोकर पत्र्यात शिरते आणि हजारांश सेकंदाच्या आत सगळी बॉडी एकदम बोलू लागते. दिशा ओळखायला कानाला काही उरतच नाही. त्यातून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्डमधले अभियंते अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही रचना सिद्ध केली आणि १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मुळे ती आपल्या घराघरांत पोचली. तिच्यात शॉकर आणि स्प्रिंग एकत्र असून त्यांचे वरचे टोक बोनेटखाली थेट बॉडीला बोल्टने जोडलेले असते. खाली कुठेही ठोकर बसली तरी ती या माथ्यातून आत येते आणि ड्रायव्हरला ती डॅशबोर्डच्या मागे ऐकू येते. लिंक रॉडचा आवाज स्टिअरिंगचा वाटतो, मागच्या डिकीतल्या जॅकचा आवाज मागच्या शॉकरचा वाटतो. म्हणून कोणत्याही तपासणीच्या आधी डिकी रिकामी करून स्टेपनी घट्ट बांधावी. पाच मिनिटांचे हे काम कितीतरी वेळा पुढचा सगळा खर्च वाचवते.

‘बाहेरचा माल’ या शब्दाबद्दलही थोडे. गॅब्रिएल इंडिया १९६१ साली मुंबईत मुलुंडला सुरू झाली. चाकण आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत. अशा कंपन्या गाडीच्या कारखान्यालाही शॉकर देतात आणि दुकानातही विकतात. तेव्हा कंपनीच्या डब्यातला नाही म्हणजे हलका, हे गृहीत धरता येत नाही. फरक पडतो तो रबराच्या कडकपणात, बुशच्या आतल्या नळीच्या लांबीत, बोल्टच्या भोकाच्या मापात. नळी अर्धा मिलिमीटर आखूड असली तर बोल्ट पूर्ण आवळूनही ती चिमटीत धरली जात नाही आणि ब्रेक मारताना एकदाच ‘टक्’ होते. नवा पार्ट बसवण्याआधी जुन्याच्या शेजारी ठेवून दोन्हीची मापे डोळ्याने ताडून पाहणे ही सगळ्यात स्वस्त तपासणी. जुने पार्ट गॅरेजमध्ये सोडून येऊ नयेत, ते याचसाठी.

आता ‘केव्हा’. पहिली वेळ म्हणजे गाडी उभी, इंजिन चालू आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशा वेळी ‘ठण्’ असा तारेचा ताण सुटल्यासारखा आवाज आला तर रस्त्यावर जाण्याची गरजच नाही. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाक वळते तेव्हा स्प्रिंगही त्याच्याबरोबर फिरते आणि वरचे माउंटिंग जागेवर राहते. दोघांच्या मध्ये एक चपटे बेअरिंग असते. ते अडकले, उलटे बसले किंवा जुनेच परत घातले की स्प्रिंग फिरायच्या ऐवजी पीळ घेते आणि पीळ पुरेसा झाला की झटक्याने सुटते. पण याच आवाजाची आणखी दोन कारणे आहेत. स्प्रिंगचे खालचे टोक शॉकरच्या वाटीतल्या खाचेला टेकलेले नसणे हे एक, आणि वाटीतले रबर घालायचे राहून जाणे हे दुसरे. एकाने स्टिअरिंग हळूहळू फिरवावे आणि दुसऱ्याने स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला बोटांचे पेर नुसते टेकवावे, दोन वेढ्यांच्या मध्ये बोट कधीही घालू नये. स्प्रिंग सरळ, एकसारखी फिरली तर बेअरिंग ठीक. थांबून उडी मारली तर दोष सापडला. ही उडी कानापेक्षा बोटाला आधी कळते. ज्यांनी एकदा ती अनुभवली त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरी वेळ म्हणजे हळू चालताना एकाच चाकाखाली आलेला लहान खड्डा किंवा डांबराचे ठिगळ. इथे ‘टकटक’ झाली तर संशय दोघांवर, लिंक रॉडवर आणि स्ट्रटच्या माथ्यावरच्या नटावर. लिंक रॉड स्टॅबिलायझर बारला जोडलेला असतो. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर बार नुसता फिरतो, लिंकवर ताण येत नाही. एकच चाक उचलले गेले की ताण येतो. त्यामुळे आडव्या, सरळ स्पीडब्रेकरवर गप्प आणि एका बाजूच्या खड्ड्यात बोलणारा आवाज लिंककडे बोट दाखवतो. खात्री करायची असेल तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवून, बारला नीट बांधून, मोकळ्या रस्त्यावर अगदी सावकाश शंभर मीटर जावे. आवाज गेला तर लिंक किंवा बारचे डी बुश. राहिला तर दुसरीकडे पाहायचे.

इथे वऱ्हाडच्या मातीचा संबंध येतो. पेढी-पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजामुळे पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता नवा असला तरी काही वर्षांत लाटा घेतो. मुरमाचे रस्ते तर पन्हळी पत्र्यासारखे होतात. या पन्हळींचे गणित समजून घेण्यासारखे आहे. मोटारीचे चाक, शॉकर ढिला असेल तर, सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा आपोआप उडू पाहते. ती त्याची नैसर्गिक गती. पन्हळी अर्ध्या मीटर अंतरावर असतील आणि गाडी ताशी २० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरने चालत असेल, तर चाकाला सेकंदाला अकरा धक्के बसतात. नेमके त्याच्या स्वतःच्या गतीशी जुळणारे. म्हणून आवाज विशीत येतो, चाळिशीत नाहीसा होतो, आणि मालक म्हणतो, “जोरात चालवली की गाडी चांगली.” गाडी चांगली झालेली नसते, फक्त ताल चुकलेला असतो. आवाज कोणत्या वेगाला येतो हे लिहून ठेवावे. एका वेगालाच येत असेल तर शॉकर आणि त्याचे माथे आधी पाहावे.

तिसरी वेळ स्पीडब्रेकरची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल ब्रेकर ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा. अशा ब्रेकरवर गाडी सावकाश चढते-उतरते. त्यावर ‘कुर्रर’ असा जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला तर तो रबराचा. गावातले हातभर रुंदीचे उभे ब्रेकर चाकाला नुसता झटका देतात, तिथे कुरकुर ऐकू येत नाही, ठोकर ऐकू येते. एकाच गाडीबद्दल दोन माणसे दोन आवाज सांगतात ती या फरकामुळे.

रबराच्या कुरकुरीमागे बहुतेक वेळा एकच चूक असते, आणि ती सगळ्यात जास्त घडते. लोअर आर्मच्या बुशमध्ये आतली नळी, बाहेरची नळी आणि मध्ये दोघींना चिकटवलेले रबर असते. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला पक्की होते. आर्म वरखाली होताना बाहेरची नळी फिरते आणि रबर पीळ घेते. घसरत काहीच नाही, सगळी हालचाल पिळाची. आता गाडी जॅकवर, चाक लटकलेले, अशा स्थितीत मिस्त्रीने बोल्ट पूर्ण आवळला असे समजा. आर्म ३५ सेंटीमीटर लांब आणि चाक ८ सेंटीमीटर खाली लटकलेले असेल तर आर्मचा कोन सुमारे १३ अंशांचा. रबराने ती स्थिती आपली विश्रांतीची मानली. गाडी जमिनीवर उतरताच ते १३ अंश पिळले गेले, आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहिले. पुढे प्रत्येक ब्रेकरवर त्यात भर. असे रबर आधी कुरकुरते, मग चिकटवलेल्या जागी सुटते, आणि काही महिन्यांत ‘बुश लवकर गेला, माल खराब’ असा शेरा मिळतो. बोल्ट हाताने लावून, चाके जमिनीवर टेकवून, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडून, मग पिटमध्ये किंवा रॅम्पवर शेवटचा आवळा द्यायचा असतो. पिट नसेल तर गाडी स्टँडवर असताना आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली जॅक लावावा आणि गाडी स्टँडवरून किंचित उचलली जाईपर्यंत वर घ्यावा. वजन आर्मवर आले की आवळावे.

पॉलियुरेथेनचे लाल-पिवळे बुश मात्र वेगळे. ते नळीला चिकटवलेले नसतात, तिच्यावर घसरतात. त्यांना लटकत्या चाकाने काही बिघडत नाही, पण सिलिकॉन ग्रीसशिवाय ते अडकत-सुटत घसरतात आणि हिवाळ्याच्या सकाळी साऱ्या गल्लीला जागे करतात. अडकणे आणि सुटणे, ही तंतुवाद्याच्या गजाचीच क्रिया आहे.

कुरकुर कोणत्या बुशची हे ठरवायला पाण्याची बाटली पुरते. एकाने गाडीचा पुढचा भाग दाबत राहावे आणि दुसऱ्याने एका वेळी एकाच बुशवर पाणी मारावे. ज्या बुशवर पाणी पडताच आवाज थांबला तो बुश धरायचा. पावसाळ्यात आवाज आपोआप जातो आणि दिवाळीनंतर परत येतो, त्याचे कारण हेच. आपल्याकडे या जागी डिझेल किंवा जळके ऑइल मारायची सवय आहे. ती सोडावी. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ होते. आठ दिवसांची शांतता मिळते आणि बुश संपतो.

आता बफर. भातकुली, दर्यापूर भागात गाडीच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवलेले बरेच दिसतात, आणि त्याला कारण आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्याने ट्रॅक्टर गेले की काळ्या मातीत चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा वाळून दगड होतो आणि गाडीचे पोट घासते. दोन-अडीच सेंटीमीटर उंची मिळाली तर शेतापर्यंत जाता येते. गरज खरी आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण शॉकरच्या लांबीचा हिशेब बदलत नाही. समजा गाडी उभी असताना शॉकरला खाली लांबायला ८० मिलिमीटर जागा होती. बफरने गाडी २५ मिलिमीटर उचलली की उरली ५५. चाक खड्ड्यात पडले की शॉकर पूर्ण लांबून आतल्या टोकाला आदळतो. हा आवाज ब्रेकर चढताना येत नाही, उतरताना येतो, चाक खाली पडत असताना. ‘टप्’, थोडा पोकळ. या आवाजापायी चांगले लोअर आर्म, बॉल जॉइंट बदलले गेलेले मी पाहिले आहेत. बफर काढून त्याच रस्त्याने एक चक्कर मारली असती तर निकाल लागला असता.

स्ट्रटच्या माथ्यावर स्पेसर टाकून उंची वाढवली असेल तर हिशेब वेगळा होतो. तिथे शॉकर आपल्या जागी राहतो, पण चाक खाली जाते, म्हणून बॉल जॉइंट, एक्सलचा जॉइंट आणि लिंक रॉड यांचे कोन बदलतात. पूर्ण वळणावर ‘कटकटकट’ झाली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट पाहावा.

मागे कमानीचे पाटे असलेल्या गाड्यांत, बोलेरोसारख्या, पाट्यांमधली माती आणि शॅकलचे बुश पाहावेत आणि नव्या पाट्यांचे यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

चौथी वेळ ब्रेकची आणि गाडी सुटण्याची. चाक काढले तेव्हा कॅलिपर सुटला असेल, ब्रेकची नळी किंवा सेन्सरची वायर आपल्या क्लिपमध्ये परत बसली नसेल, डिस्कमागचा पत्रा वाकला असेल. खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवावा. आवाज थांबला तर तो पॅड-कॅलिपरचा, सस्पेन्शनचा नाही.

सपाट रस्त्यावर येणारी घूंऽऽ अशी घरघर या सगळ्यांपासून वेगळी ठेवावी. तिच्यासाठी खड्डे नकोत, उलट गुळगुळीत रस्ता हवा, आणि तो आपल्या जवळच आहे. बडनेऱ्याच्या पुढे लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला, त्याची गिनीजने नोंद घेतली. अशा रस्त्यावर घरघर ऐकावी आणि मागेपुढे गाडी नसताना हलकेच डावी-उजवीकडे झुकवावी. झुकवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचे बेअरिंग. तसाच राहिला तर टायर, आणि टायर असेल तर शॉकर बदलल्यावर अलाइनमेंट केले होते का हा प्रश्न.

माझ्या गाडीचे उदाहरण सांगतो. दोन्ही शॉकर नवे. लहान खड्ड्यात ‘टक्’, वेग पंधरा-वीस. गॅरेजने आधी लिंक रॉड बदलला, मग लोअर आर्म. आवाज जसाच्या तसा. शेवटी घरीच, अंगणात, वरच्या क्रमाने गेलो. उभ्या गाडीत स्टिअरिंगला आवाज नाही, म्हणून बेअरिंग आणि वाटी बाजूला. ब्रेकवर पाय ठेवून फरक नाही. लिंक सोडवून फरक नाही. राहिला माथा. बोनेट उघडून माथ्यावरची टोपी काढली, मुलाला गाडीचा कोपरा दाबून सोडायला सांगितले आणि नटावर अंगठा ठेवला. प्रत्येक वेळी अंगठ्याखाली नट केसभर उचलला जात होता, आणि त्याच क्षणी ‘टक्’. एअर गनने नट आवळताना शॉकरचा दांडा नटाबरोबर फिरला होता. नट घट्ट झाल्यासारखा वाटला, पण वॉशरला टेकलाच नव्हता. दांड्याच्या टोकात ॲलन की धरून, रिंग पान्याने नट फिरवला. जवळजवळ दीड फेरा आत गेला. बदललेला लिंक रॉड आणि लोअर आर्म दोन्ही चांगले होते.

‘सेट होईल’ या उत्तरात थोडे खरे आहे, ते नाकारत नाही. आडवा पडून राहिलेल्या नव्या शॉकरच्या आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचा असतो. ते राहिले तर पहिले काही किलोमीटर ‘चुळुक-चुळुक’ ऐकू येते आणि जाते. तेलाचा बारीक ‘चुस्स’ हा तर शॉकरचा श्वासच. पण धातूवर धातू आदळल्याची ठोकर कधीही सेट होत नाही. ती वाढतेच.

आणि दोन प्रसंगी तपासणी न करता गाडी थांबवावी. कामानंतर चाक डगमगल्यासारखे वाटले तर चाकाचे नट आधी पाहावेत. तसेही ते पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा आवळायचेच असतात. दुसरे, ठोकरीबरोबर स्टिअरिंग एकीकडे ओढू लागले तर बॉल जॉइंटची पिन. ती चाक धरणाऱ्या नकलमध्ये पूर्ण शिरली नसेल तर अडकवणारा बोल्ट तिच्या खाचेतून जात नाही, नुसता शेजारून जातो. बाहेरून सगळे आवळलेले दिसते आणि एखाद्या खड्ड्यात चाक आडवे होते. गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये, स्टँड लावूनच जावे.

पुढच्या वेळी गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीला पैसे देण्याआधी एवढेच विचारा: आर्मचे बोल्ट चाके जमिनीवर असताना आवळले का, आणि माथ्याचा नट दांडा धरून आवळला का? ‘नाही’ म्हणाला तर तिथेच, त्याच पिटवर, करून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.